आधी तपासणी, मग गलेफ

दौंडहून निघालेली बोलेरो न्हावऱ्याच्या अलीकडे पहिल्यांदा थांबली, तेव्हा सुभानने ते मनावर घेतलं नाही. वय झालेला माणूस, दोन कप चहा पोटात, थांबणारच. न्हावरं मागे पडल्यावर गाडी पुन्हा थांबली. शिरूर अगदी तोंडावर आलं असताना पोपटने तिसऱ्यांदा गाडी कडेला घेतली आणि तो उसाच्या बांधावर जाऊन उभा राहिला, तेव्हा मात्र सुभान आरशातून बघू लागला. पोपट उभा राहिला तो राहिलाच. एक हात कमरेवर, मान आभाळाकडे. परत आला तो तोंडाने शीळ घालत, म्हणजे सगळं कसं झकास चाललंय हे सुभानला कळावं.

हा पोपट म्हणजे पोपटराव वाळुंज. कवठे येमाईजवळच्या एका वाडीतला बागायतदार, वाडीच्या दूध संस्थेचा चेअरमन. 'राव' लावल्याशिवाय त्याचं नाव घ्यायची चारचौघांत कुणाची छाती नाही. सुभान मात्र त्याला पहिलीपासून पोपट म्हणत आला, तेव्हा आपणही ही गोष्ट संपेपर्यंत पोपटच म्हणू.

सुभान मुजावर त्याच वाडीतला, पण रेल्वेत लागला आणि दौंडचा झाला. नोकरीभर त्याने यार्डात एकच काम केलं. गाडी आली की डब्याडब्यापाशी वाकायचं, अ‍ॅक्सलला हात लावून बघायचं, आणि कुठला जास्त गरम लागला तर त्या डब्यावर खडूने 'सिक', म्हणजे आजारी, लिहून तो गाडीतून काढायला लावायचा. मग वरचे साहेब कितीही ओरडोत, सिक म्हणजे सिक. निवृत्त झाला तरी ही खोड काही गेली नाही. वाडीच्या पिराचे मुजावर म्हणजे त्याचंच घर, आणि घरात थोरला तोच, म्हणून दर उरसाला त्याला वाडीवर जावंच लागे. दरवर्षी त्याला न्यायला पोपट स्वतः गाडी घेऊन दौंडला यायचा.

"किती दिस झालं हे?" सुभानने विचारलं.

"काय?"

"हेच. पाच-पाच मैलांवर लोकांच्या उसाला पानी देतोयस ते."

पोपट मोठ्याने हसला. "थंडी हाय रं. आन् वय काय कमी झालं व्हय?"

सुभान हसला नाही. त्याच्याही बाबतीत असंच सुरू झालं होतं, आणि त्यानेही असाच थंडीवर ढकललं होतं. दोन वर्षं जी गोष्ट त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती, ती आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"पोपट, दोन वर्सांमागं मी पुण्याला अ‍ॅडमिट हुतो. आठवतं?"

"मुतखडा. मी केळी घेऊन आलतो."

"मुतखडा न्हवता."

पोपटने गाडीतली गाणी बंद केली. सुभानने मग सगळं सांगितलं. लघवीच्या वाटेवर पुरुषाला एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात, तिथे कॅन्सर निघाला. रेल्वेच्या तपासणीत रक्तात सापडला म्हणून वेळेवर कळलं. पुण्याला लाइट घेतली, म्हणजे किरणांचे उपचार, आता इंजेक्शनं चालू आहेत. त्या इंजेक्शनांनी ऐन थंडीत अंगातून वाफा निघतात आणि घाम फुटतो. बायको अकिला म्हणते, पाळी जातानाचं माझं सगळं उरकलं, आता तुमचं सुरू झालं.

"सांगनार काय लोकांना?" सुभान म्हणाला. "कुठं गाठ हाय म्हणून इचारलं, तर बोट कुठं दाखवू?"

पोपटचे डोळे भरून आले. त्याने गिअरवरचा हात काढून सुभानच्या मांडीवर ठेवला. "मला सुदीक सांगायचं न्हाई व्हय रं?" म्हणाला. खरंच हळहळला. मग रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "पर सुभान, ते तुमच्यात होत असंल."

"तुमच्यात म्हंजी?"

"म्हंजी... तुमच्यात. खाणं येगळं, सुंता आसती, काय काय आसतं. मी माळकरी मानूस, अंडं सुदीक शिवत न्हाई. आन् हे मी माझ्या मनानं म्हनत न्हाई. आपला इश्वजीत सांगत हुता मागं."

विश्वजीत पोपटचा मुलगा, इंग्लंडात लेस्टरला नोकरीला. तिथे या रोगाचे फलक लागतात, त्यांवर लिहिलेलं त्याने बापाला फोनवर सांगितलं होतं. जन्मभरात हा रोग काळ्या लोकांत चारांत एकाला होतो, गोऱ्यांत आठांत एकाला, आणि आपल्या लोकांत तेरांत एकाला. पोराने सांगितलं होतं काळजीपोटी, बापाने त्यातलं नेमकं सोयीचं तेवढं उचललं.

"सगळ्यात कमी आपल्यात," पोपट म्हणाला, आणि त्याने गाणी पुन्हा लावली.

सुभानला राग आला. दोन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्याने या माणसाच्या जिवासाठी बाहेर काढली, आणि या माणसाने तिचाच आडोसा केला. 'तुमच्यात' हा शब्द हल्ली त्याच्या कानावर पुष्कळ पडायचा, चहाच्या टपरीवर, पुण्याच्या डेमू गाडीत. पोपटच्या तोंडून मात्र आजवर कधी पडला नव्हता. शिरूर गेलं, मलठण गेलं, आणि वाडी आली तशी सुभान पोपटची वाट न बघता पिशवी उचलून उतरला.

वाडीत सुभानच्या भावाच्या घरी अकिला आदल्या दिवशीच येऊन थांबली होती. उरसाच्या मलिद्यासाठी गूळ वाळुंजांच्या घरून यायचा, आणि तो घेऊन पोपटची बायको सारजाबाई स्वतः यायची, ही जुनी रीत. यंदा ती आली ती गूळ ठेवून निघालीच नाही. अकिलाला चुलीमागे घेऊन कितीतरी वेळ बोलत बसली. ती गेल्यावर अकिलाने सुभानला हाक मारली.

सारजाबाईचं म्हणणं असं, की नवरा रात्रभर उठबस करतो. घरात संडास-बाथरूम असताना गोठ्यामागे जातो, कारण आत गेलं की किती वेळ लागतो ते घरादाराला कळतं. उसात बिबट्या हिंडतोय, मागच्याच महिन्यात कुत्रं उचललं. "बिबट्याचं भ्या न्हाई त्यांना," ती म्हणाली होती, "डाक्टरचं हाय." आणि जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाली होती, "आता कंबर धरत्यात. मामंजींनी बी आधी कंबरच धरलीती."



मामंजी म्हणजे पोपटचे वडील, नामदेव तात्या. दोन पोती एकदम उचलणारा गडी. तात्यांची कंबर धरली, मग पाय गेले, मग लघवी अडली, आणि वर्षाच्या आत माणूस खाटेवर सुकून गेला. गाव म्हणालं, ट्रॉलीवरून पडले त्याचा मार. कुणी म्हणालं वात. सुभान तेव्हा नवा नवा रेल्वेत लागला होता. रजेवर आला की तो आणि पोपट मिळून तात्यांना कुशीवर वळवायचे. तात्या ओरडायचे नाहीत, नुसते दात आवळून खाटेची दोरी धरायचे. पोपट बाहेर जाऊन रडायचा.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी सुभानला समजावून सांगितलं, की हा रोग वेळेवर धरला नाही तर पहिला हाडांत उतरतो, मणक्यात. तेव्हाच त्याला तात्यांची खाट दिसली होती. डॉक्टरांनी त्याला जात विचारली नव्हती. वडील कशाने गेले, भावांना काही होतं का, एवढंच विचारलं होतं. घरात कुणाला झालेला असला तर मुलाला धोका जास्त, म्हणाले. सुभानचे वडील दम्याने गेलेले, म्हणून त्याने नाही सांगितलं आणि तो घरी आला. पण हाच प्रश्न पोपटला विचारला असता तर उत्तर वेगळं आलं असतं, हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. लाजेपोटी तो गप्प बसला. आता मात्र बसायचं नाही, असं त्याने ठरवलं.

संध्याकाळी तो पोपटच्या ओट्यावर गेला आणि आडवळण न घेता तात्यांचा विषय काढला. पोपट एकदम उखडला.

"तात्या ट्रॉलीवरनं पडलं हुतं!"

"पडलं ते दिवाळीला. कंबर धरलीती त्याच्या आदी, पंचमीला. मी हुतो हितं."

"हे बघ, तुला झालं, वाईट झालं. पर तुझं तुझ्यापाशी. आमच्यात हे न्हाई."

सुभानने खिशातून फोन काढला आणि विश्वजीतला लावला. लेस्टरला तेव्हा दुपार होती. पोरगं काकाचा आवाज ऐकून खूश झालं. "तुझं आबा बी ऐकत्यात," म्हणत सुभानने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर मधोमध ठेवला.

"इश्वजीत, त्या तेरांत एकाच्या हिशोबात तुझ्या बापाला धरलंय, का मला बी धरलंय?"

"म्हणजे, काका?"

"म्हंजी तिकडं मोजताना वाळुंज येगळं आन् मुजावर येगळं मोजत्यात का?"

विश्वजीत हसायला लागला. "नाही हो काका. आपण सगळे एकच. भारतातले, पाकिस्तानातले, बांगलादेशातले, सगळे एका खान्यात. इथं कुणाला फरक कळत नाही." मग त्याचा आवाज बदलला. "पण आबा, कमी म्हणजे नाही असं नाही. आणि हा आकडा इथल्या लोकांचा, जे तपासणी करतात त्यांचा. तिकडं आपल्याकडं कोण तपासतंय? कंबर गेल्यावर दवाखान्यात जातात. आबा, तुम्हाला काही त्रास—"

"आवाज येत न्हाई," पोपट म्हणाला आणि त्याने फोन बंद केला. आवाज शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींनाही येत होता.

"तेरांतला एक कुनीतरी आसतोच की," सुभान म्हणाला. "त्याला काय परदेशातनं आनत्यात?"

"बरं, उरूस झाल्यावर बघू."

हे 'बघू' सुभानला पाठ होतं. उरूस झाला की कांदा काढायला येणार, कांदा झाला की संस्थेची निवडणूक, निवडणूक झाली की भाचीचं लग्न. तात्यांचंही असंच सुगी झाल्यावर बघायचं ठरलं होतं. सुभान उठून उभा राहिला.

"उरसाच्या आदी. शिरूरला जायचं, रक्त द्यायचं. बस. एवढंच. न्हाईतर यंदा तुझा गलेफ मी घेनार न्हाई."



हे बोलणं किती मोठं होतं, ते वाडीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. गलेफ म्हणजे पिराच्या कबरीवर घालायची जरीची चादर. उरसाला पहिला गलेफ वाळुंजांच्या घरचा, हा मान किती पिढ्यांचा ते कुणालाच सांगता येत नाही. हलगीच्या गजरात तो वाजतगाजत येतो, मुजावर दर्ग्याच्या उंबऱ्यात उभा राहून दोन्ही हातांनी घेतो आणि डोळ्यांना लावतो. वाळुंजांचा चढल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा चढत नाही, मलिद्याचा प्रसाद वाटला जात नाही, कुस्त्या लागत नाहीत. मुजावराने हात पुढे केले नाहीत असं कधी झालेलं नव्हतं. झालं तर काय करायचं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"मला धमकी देतोस? माझ्या घरचा मान आडवतोस?"

"डबा सिक मारतोय," सुभान म्हणाला.

"गावात आग लागंल, सुभान. दिस कसलं हायेत, तुला कळत न्हाई का?"

"कळतंय. तुझ्यापरीस जास्त कळतंय." आणि तो मागे न बघता निघाला.

घरी ही गोष्ट कळल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. भावाचा मुलगा आरिफ शिरूरला मोबाईलचं दुकान चालवायचा. तो तर हातच जोडू लागला. "चाचा, कुणी व्हिडिओ काढला आणि 'मुजावराने गलेफ नाकारला' एवढंच लिहून टाकला, तर? कॅन्सरबिन्सर कोण वाचणार आहे? आपल्याला इथं राहायचंय."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. सुभानला भीती वाटत होतीच. अकिला इतका वेळ मलिद्याच्या चपात्या लाटत होती, तिने लाटणं खाली ठेवलं.

"लोगां क्या बोलेंगे?" ती म्हणाली. घरात ती आपल्या दखनीतच बोलायची. मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. "पक्का है ना, कि उनकू वोइच बीमारी है?"

"पक्कं कसं सांगू? रक्त दिल्यावरच कळंल. न्हाई निघाली तर मी त्याच्या पाया पडंन."

"फिर पीछे नक्को हटो," अकिला म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

उरसाचा दिवस उजाडला. पोपटकडून निरोप नाही, फोन नाही. सकाळी आरिफ सांगत आला की वाळुंजांच्या दारात बोलेरो दिसत नाही, मांडववाल्याचे पैसे द्यायला गेले म्हणतात. सुभानने दर्गा धुतला, उदबत्त्या लावल्या, मोरपिसांचा कुंचा झटकला. दिवस कलायला लागला तशी हलगी ऐकू आली. मग ताशा, मग फटाके. पाळणेवाल्यांच्या गल्लीतून मिरवणूक वर चढत आली, पुढे पोरं नाचत होती, आणि मधोमध फेटा बांधलेला पोपट, डोक्यावर परात, परातीत घडी घातलेला हिरवा गलेफ आणि वर मोगऱ्याचे गजरे.

सुभान उंबऱ्यात उभा राहिला. पोपट पायऱ्या चढून समोर आला आणि थांबला. रिवाजाप्रमाणे हलगी थांबली. आता मुजावराने हात पुढे करायचे.

सुभानचे हात खालीच राहिले.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पुढच्या रांगेतली कुजबुज मागे मागे जाऊ लागली. एकाने मोबाईल उंच धरला. "चाचा, हात," आरिफ मागून रडकुंडीला येऊन म्हणाला. पायऱ्यांच्या कडेला बायकांत सारजाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"हात पुढं कर," पोपट ओठ न हलवता म्हणाला.

"रक्त दिलं?" सुभाननेही तेवढ्याच हळू आवाजात विचारलं.

"सगळं गाव बघतंय."

"बघू दे."

"आन् मी न्हाई म्हनलो तर?"

"तर दोघं हितंच हुबं राहू. मला काय घाई न्हाई. पर तुझं काय? किती येळ काढशील?"

आता गंमत अशी, की मिरवणूक निघाल्यापासून पोपटला बांधावर जायला मिळालं नव्हतं, आणि तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होता, हे सुभानला उंबऱ्यातूनच दिसलं होतं. पोपटच्या मिशा थरथरल्या. आता हा पेटणार, असं सुभानला वाटलं. पण पोपटला हसू आवरत नव्हतं. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एका हाताने परात सावरत त्याने दुसरा हात खाली घेतला आणि सदऱ्याची बाही दातांनी वर ओढली. कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा होता, वर पांढरी पट्टी.

"सकाळीच शिरूरला जाऊन आलो. रिपोर्ट उद्या देनार हाय."

"मग मगाशीच सांगायचं का न्हाई?"

"बघत हुतो," पोपट म्हणाला, "खरंच हात आखडतोस का. तात्याच्या येळंला कुनीच कुनाला आडवलं न्हाई रं."

सुभानने दोन्ही हात पुढे केले. गलेफ घेतला, डोळ्यांना लावला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. हलगी पुन्हा सुरू झाली. लोकांना वाटलं, मुजावरांना भरून आलं असावं. मोबाईलवाल्याने त्याचाही व्हिडिओ काढला. पोपट मात्र गलेफ चढायची वाट न बघता, फेट्यासकट, दर्ग्यामागच्या चिंचेकडे जवळजवळ पळत सुटला.

रिपोर्टात पीएसएचा, म्हणजे त्या ग्रंथीच्या रक्ततपासणीचा, आकडा जेवढा असावा त्याच्या कितीतरी वर निघाला. नुसत्या या आकड्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही, पुण्याला जाऊन पुढचं बघा, असं शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. पोपटने तोंडातून 'कांदा' एवढाच शब्द काढला होता, तोवर सारजाबाईने त्याची पिशवी भरून सुभानच्या हातात दिली. ती त्याला दौंडला सुभानच्या घरी सोडूनच एसटीने परत गेली, आणि त्याने पळून येऊ नये म्हणून जाताना बोलेरोची चावीही घेऊन गेली.

दौंडहून पुण्याची डेमू तशी रिकामी होती. केडगाव गेलं तरी पोपट खिडकीबाहेरच बघत होता. मग एकाएकी म्हणाला, "तुला 'तुमच्यात' म्हनलो. राग आला आसंल."

"आला की. आजून हाय."

"तात्याचं मला ठाव हुतं, सुभान. डाक्टरनी सांगितलं न्हवतं, पर मला ठाव हुतं. माझी कंबर दुखाया लागली तवा मी रातीचा गोठ्यामागं बसून तात्याच डोळ्यापुढं आनायचो. तू सांगितलंस तवा वाटलं, रोग तुमच्यातला म्हनलं की माझ्याकडं यायचा न्हाई." त्याने तोंडावरून हात फिरवला. "भ्यालो हुतो रं. दुसरं काय न्हाई."

सुभानचा राग पुरता गेला नाही, पण निम्मा तरी त्या डब्यातच राहिला. त्याने पिशवीतून सारजाबाईने दिलेल्या भाकरी काढल्या आणि पोपटला अर्धी दिली.

पुण्यात तपासण्या झाल्या. सुई घालून तुकडा काढला, मशिनीत घातलं, हाडांचे फोटो घेतले. कॅन्सर होता, पण ग्रंथीतच होता. हाडांत उतरलेला नव्हता, आणि कंबर दुखत होती ती वयाने. मोठ्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा पोपटने पहिलं काम केलं ते लेस्टरला फोन लावायचं.

"इश्वजीत, त्या तेरांतला एक सापडला रं. मी हाय. आन् आता तू पंचेचाळिशीचा झालास. तात्याचं आन् माझं तिथल्या डाक्टरला सांग, आन् तपासून घे. उरूस झाल्यावर बिरूस झाल्यावर म्हनायचं न्हाई." पलीकडे पोरगं रडायला लागलं, तर त्यालाच चार शिव्या घातल्या.

दोन आठवड्यांनी लाइट सुरू करायची म्हणून दोघे पुन्हा गेले. लाइटच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. सुभानवर उपचार झाले तेव्हा त्या नव्हत्या, म्हणून त्याला ओळखत नव्हत्या. पोपटला समोर बसवून त्या सगळं पहिल्यापासून विचारत आणि लिहून घेत होत्या.

"वडिलांना होता?"

"व्हय," पोपट म्हणाला. "कुनी तपासलं न्हाई, पर हाच हुता."

"भाऊ किती?"

पोपटला तीन बहिणी, भाऊ एकही नाही. हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

"एक हाय," पोपट म्हणाला. "त्याला बी हाच झाला. दोन वर्सांमागं हितंच लाइट घेतली त्यानं."

बाईंनी झटकन मान वर केली. "सख्खा भाऊ? मग हे फार महत्त्वाचं आहे काका, आधी सांगायला हवं होतं तुम्ही." आणि त्या भराभर लिहू लागल्या.

मागच्या खुर्चीवरून सुभान घाईघाईने उठला. "मॅडम, ते लिहू नका. भाऊ म्हंजी मी. मी मुजावर, हे वाळुंज. आमचं रक्ताचं नातं न्हाई. उगं तुमचा हिशोब चुकंल."

बाई थांबल्या. त्यांनी एकदा सुभानकडे पाहिलं, एकदा पोपटकडे, आणि हसून लिहिलेल्यावर काट मारली.

"खोडा," पोपट म्हणाला. "हिशोब चुकाया नको. पर मॅडम, मोजताना आमाला एकाच खान्यात मोजा."

सुभान खाली बसला. खिशातून रुमाल काढून त्याने कपाळ पुसलं, मग डोळे पुसले, आणि रुमाल तसाच तोंडावर धरला. पोपटने वळून विचारलं, काय झालं रं, तेव्हा तो म्हणाला, "काय न्हाई. ते इंजेक्शनचा घाम."